पाचांतला एक चमचा हवेचा

आधी आवाज येतो. लाकडाच्या पोटातून निघणारा, सैल आणि खडबडीत: खडर्र, खडर्र, आणि त्यामागे पत्र्याच्या डब्याची बारीक किणकिण. आईस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फाचे तुकडे नुकतेच भरलेले असतात, त्यांवर जाड्या मिठाचे थर दिलेले असतात, आणि वरचा दांडा फिरू लागला की मधला डबा त्या तुकड्यांना ढकलत, घासत स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागतो. थोड्या वेळाने तुकड्यांच्या कडा झिजतात. खडखड जाऊन करकर येते, करकर जाऊन सरसर. आणि अगदी शेवटी, आतलं दूध दूध राहत नाही तेव्हा, तो आवाज गळ्यातून छातीत उतरावा तसा खाली उतरतो. त्या शेवटच्या आवाजाला मला अजून शब्द सापडलेला नाही. कॉलेजात कविता शिकवण्यात तीस वर्षं गेली, तरी नाही.

यंदा एप्रिल सरता सरता एका सकाळी तो आवाज रस्त्यावरून आला. मुलुंड पूर्वेच्या आमच्या भागात हल्ली दर दुसऱ्या गल्लीत हिरवी जाळी टांगलेली दिसते. जुनी इमारत उतरते, नवी चढते. शेजारच्या प्लॉटवर सिमेंट कालवायचं यंत्र सुरू झालं आणि त्याच्या पोटात खडी फिरू लागली. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. सकाळचा चहा घ्यायला आईबाबांकडे आले होते. कप हातातच राहिला. आई खिडकीशी बसून लसूण सोलत होती. तिच्या बोटांचा वेग जराही बदलला नाही. मग काय वाटलं कोण जाणे, तिने खिडकीच्या लोखंडी गजावर तळवा टेकवला, क्षणभर तसाच ठेवला, आणि पुन्हा लसणाकडे वळली.

त्या तळव्याने मला दोन वर्षं मागे नेलं.

पण त्याही मागचा मे आधी सांगायला हवा. आमच्या इमारतीत तेव्हा चौदा बिऱ्हाडं होती आणि मे महिन्यातल्या दर रविवारी आईचा पॉट निघे. शनिवारीच तो माळ्यावरून खाली यायचा. वर्षभर कोरड्या पडलेल्या त्याच्या लाकडी पट्ट्यांमध्ये फटी पडलेल्या असत. गॅलरीत ठेवून त्यात काठोकाठ पाणी भरलं की संध्याकाळपर्यंत ते ठिबकत राही, आणि रात्री केव्हातरी लाकूड फुगून फटी मिटत. रविवारी सकाळी गॅलरी कोरडी दिसली की आई म्हणे, “झाला तयार.” बर्फ मासळी बाजारामागून यायचा, गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी. मीठ मिठागरातलं. बाबा सायकलवरून जाऊन पिशवीभर आणत: करडं, ओलसर, खाडीच्या चिखलाचा किंचित वास असलेलं. त्या मिठाचा एक खडा मी नेहमी जिभेवर ठेवून बघत असे, आणि नेहमीच पस्तावत असे.

जिन्याच्या वळणावर डब्यांची रांग लागे. स्टीलचे, झाकणावर नावं कोरलेले, प्रत्येक घराचा एक. दांडा फिरवायला मुलं पाळी लावत. नियम दोनच होते. शेवटी, दांडा सगळ्यांत जड झालेला असताना जो फिरवत असेल त्याला आतली लाकडी पाती चाटायला मिळत. आणि दुसरा, आई सांगेपर्यंत कोणी हात काढायचा नाही. आई मात्र पॉटजवळ नसेच. ती स्वयंपाकघरात आमच्याकडे पाठ करून पुऱ्या लाटत असे. तेलाची चुरचुर, आमचा गोंगाट, खालच्या दुकानातला रेडिओ, या सगळ्यांतून ती पॉटचा आवाज वेचून काढी, आणि लाटण्यावरचा हात न उचलता एकच शब्द बोले. तो आला की दांडा सोडायचा. भरून आलेल्या दंडांना मे महिन्यात त्याच्याइतका गोड शब्द दुसरा नव्हता. डब्याचं झाकण उघडावं तर आंबा आणि साय एकजीव झालेली असे, मऊ, तरी आकार धरून राहणारी. चमच्याच्या पाठीने दाबलं की हलकेच दबणारी. पन्नास वर्षांत तो शब्द एकदाही लवकर आला नाही, की उशिरा आला नाही.

दोन वर्षांपूर्वी तो आलाच नाही.

मेचा पहिला रविवार होता. इमारतीतली मुलं आता उन्हाळ्यात शिबिरांना जातात, म्हणून दांड्यावर मी आणि बाबा. बाबा ऐंशीचे, मी पन्नाशी ओलांडलेली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. दांडा जड झाला, हाताला लागणारा तो ओळखीचा, रवाळ नसलेला जडपणा आला, आणि गेला. त्यानंतर काहीतरी निराळंच लागू लागलं, ओल्या वाळूतून पळी फिरवल्यासारखं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“काही म्हणाली का गं?”

“नाही.”

“मग फिरव.”

आणि आम्ही फिरवत राहिलो. दोन शिकलीसवरलेली माणसं. एकाची हयात प्रयोगशाळेत गेलेली, दुसरीला शब्दांच्या छटा ओळखण्याचा पगार मिळालेला. पण आपल्या हाताला जे कळतं आहे त्यावरून आपण थांबू शकतो, हे दोघांनाही सुचलं नाही. त्या घरात तो अधिकार कधी कोणाचा नव्हताच. आई स्वयंपाकघरात उभी होती. पुऱ्या केव्हाच तळून झाल्या होत्या. ती लाटणं हातात धरून, मान किंचित कलती करून नुसती उभी होती, हे मी दारातून पाहिलं. मला वाटलं, ऐकते आहे.

झाकण उघडलं तेव्हा आईस्क्रीममध्ये पिवळे कण दिसले. फार घुसळलं गेल्यामुळे सायीतलं लोणी सुटून वर आलं होतं. आईने चमचाभर चाखलं, चमचा ओट्यावर ठेवला आणि डबे भरायला घेतले.

तळमजल्यावरच्या राऊतकाकू संध्याकाळी डबा परत द्यायला आल्या. आईच्या वयाच्या, जिभेला हाड नसलेल्या, पण मनाने मोकळ्या. “वहिनी,” त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “यंदाचं तुमचं आईस्क्रीम आम्ही पोळीला लावून खाल्लं हो. झकास लागलं.”

आईही हसली. दार लावलं आणि बाबांना म्हणाली, “अहो, तो पॉट भंगारात घालून टाका.”

“एकदा बिघडलं म्हणून?”

“माझ्याने आता व्हायचं नाही.”

का व्हायचं नाही, ते तिने सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. त्या वर्षभरात टीव्हीचा आवाज वाढत वाढत शेजाऱ्यांपर्यंत पोचला होता. कुकरच्या शिट्या मोजायचं काम बाबांकडे आलं होतं. “तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता,” असं ती म्हणे, आणि आम्ही मोठ्याने बोलू लागलो होतो. कान हा शब्द मात्र घरात कोणी उच्चारला नव्हता. त्या रात्री पॉट ओला तसाच माळ्यावर गेला. दोन दिवस उलटा ठेवून वाळवल्याशिवाय तिने तो आजवर कधीच वर ठेवू दिला नव्हता. म्हणून मला कळलं, की ती खरंच सोडते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी कपाटातून आपला कप काढला.

हा कप चहाचा नव्हे. बाबा भांडुपला रंगाच्या एका कारखान्यात, माल तपासायच्या विभागात होते. तिथला हा जाड स्टीलचा कप. आत बरोबर शंभर मिलिलिटर मावतं. झाकणाला मधोमध बारीक भोक, जास्तीचा रंग त्यातून बाहेर यावा म्हणून. कप भरायचा, पुसायचा, तोलायचा. रंगाचं वजन ठरल्यापेक्षा कमी-जास्त आलं की समजायचं, कुठेतरी चुकलं आहे. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी तो त्यांना देऊन टाकला. त्यांनी तो शालीत गुंडाळून ठेवला होता.

“बाबा, याचं आता काय?”

“माल बिघडला की आम्ही पहिल्यांदा कप भरत असू. निदान काय बिघडलं ते कळतं.” मग आईकडे वळून, नीट तोंड समोर धरून, मोठ्याने, “तुझ्या आईस्क्रीममध्ये हवा किती ते मोजतो.”

आईने भुवई उंचावली. हवा हा तिच्या दृष्टीने दुकानदारांचा गुन्हा होता. दुकानातला डबा हातात घेऊन, “निम्मी हवा विकतात मेले,” असं ती कित्येक वर्षं म्हणत आली होती. आपलं ते भरीव. “मोजा खुशाल,” ती म्हणाली. “बिघडलं असेल. पण हवा नसणार.”

रीत सोपी होती. न गोठवलेलं थोडं मिश्रण फ्रिजमध्ये उरलं होतं. कपभर तोललं, एकशे आठ ग्रॅम. आता तेवढ्याच जागेत मावणारं आईस्क्रीम जितकं हलकं भरेल, तितकी जागा त्यात हवेची. बाबांनी कप भरला. पण फ्रीझरमधल्या आईस्क्रीमने गार झालेल्या कपावर मेच्या दमट हवेत लगेच दव धरलं. दवाचं वजन मोजमापात येईल, म्हणून त्यांनी तो खिडकीत ठेवला. दव वाळेपर्यंत आतलं आईस्क्रीम पातळ झालं, थोडं खाली बसलं. त्यांनी वरून भर घातली. कपाला बोटाने तीनदा टिचकी मारली. पृष्ठभागावर फेस आला तो सुरीच्या पातीने वर्तमानपत्रावर काढून टाकला. पुन्हा भर घातली, झाकण लावलं, पुसलं, तोललं.

एकशे आठ.

“शून्य,” बाबा म्हणाले. आवाजात थोडा गोंधळ होता.

“तुका काय कळता?” आई आनंदली किंवा रागावली की मालवणी होते, नवऱ्याला एरवी अहोजाहो करणारी माझी आई अशा वेळी सगळं विसरते. “मी सांगत नव्हते?”

मी वर्तमानपत्राकडे बघत होते. फेसाचा छोटासा ढीग कागदावर बसला होता, त्यातले बुडबुडे एकेक करून फुटत होते, आणि खालची अक्षरं हळूहळू वाचता येऊ लागली होती.

“बाबा,” मी म्हटलं, “हा फेस कसला?”

बाबा सुरी हातात धरून कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते. हसता हसता खाली बसले. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. रंगातली हवा म्हणजे दोष. भिंतीवर तिचे फोड उठतात. म्हणून माल ठरल्या तापमानाला येऊ द्यायचा, टिचक्या मारून बुडबुडे वर आणायचे, फेस काढून टाकायचा, आणि मगच तोलायचं. हवा मोजायला निघालेल्या माणसाने आधी हवा फेकून दिली होती, मोठ्या काळजीने, एकही पायरी न चुकता.

त्या दुपारी मी घरी परतताना याच गोष्टीचा विचार करत होते. कवितेच्या तासाला मी मुलींना मात्रा मोजायला शिकवत आले. लघू, गुरू, बोटांची पेरं. ओळ म्हणताना मध्ये श्वास घ्यायची एक जागा असते, तिला यती म्हणतात; तिच्याशी आलो की मी सांगे, इथे क्षणभर थांबा, आणि पुढे जाई. तिची मात्रा धरायची नसते, म्हणून तिच्याबद्दल अधिक बोलायचं मला कधी सुचलं नाही. पण एखादीने तीच ओळ त्या जागी न थांबता म्हटली की सगळे शब्द जागच्या जागी असूनही ओळ बसत नसे. मीही टिचक्याच मारत होते की काय, असं मनात येऊन गेलं. खाडीवरून वारा येत होता. लांबवर, मिठागरांपलीकडच्या पाण्यात, फ्लेमिंगोंची फिकट रेघ दिसत होती, आणि ती रेघ त्यांची होती की त्यांच्यामधल्या मोकळ्या पाण्याची, हे त्या अंतरावरून सांगता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी बाबांनी मला पॉट खाली काढायला लावला. आई गॅलरीत कोथिंबीर निवडत बसली, आमच्याकडे पाठ करून. या वेळी कप आधीपासून फ्रीझरमध्ये होता, भरायला पातळ पाती होती, दव पुसायला मलमलचं फडकं होतं, आणि टिचकी मारायची नाही असं बाबांनी पाटीवर खडूने लिहून समोर ठेवलं होतं. थांबायचं केव्हा, हे घड्याळावर ठरवलं: वीस मिनिटं. झाकण उघडलं, कप भरला, तोलला. सत्त्याण्णव.

“अकरा ग्रॅमची जागा हवेने घेतली,” बाबा म्हणाले. “थोडा वाटा बर्फाचाही असेल, गोठताना पाणी फुगतं. पण धर, दहातला एक चमचा हवेचा.” त्यांचा चेहरा पगाराच्या दिवशी दिसे तसा दिसत होता.

त्यांनी वाटीत थोडं घालून आईपुढे नेलं. तिने चमचा रोवला, तो अडकला. दाढेखाली धरून ती म्हणाली, “दगड आहे. माझी कवळी जायची.”

“हवा कमी आहे म्हणून दगड.”

“हवा कमी म्हणून?” ती वाटीकडे पाहत राहिली. तिच्या मनात काहीतरी जागचं हललं असावं. “म्हणजे माझ्यात होती?”

“असणारच. नाहीतर चमचा रुतला नसता.”

“शिरत कुठून होती पण? झाकण तर मी घट्ट लावते.”

“डबा किती भरतेस?”

“पाऊण. वर जागा नको का फुगायला?”

“तीच,” बाबा म्हणाले.

पन्नास वर्षं आईने दर रविवारी त्या डब्यात एक चतुर्थांश जागा रिकामी सोडली होती, आणि त्या जागेत कोण राहायला येतं, हे तिला आज कळत होतं. मला वाटलं ती दुखावेल. पण तिने चमचा वाटीत आपटला आणि विचारलं, “मग माझ्यात किती असायची?”

ते कोणी मोजलं होतं? पन्नास वर्षांचं आईस्क्रीम खाऊन संपलं होतं. त्यातला एक चमचाही तोलायला उरला नव्हता. आता प्रश्न पॉट भंगारात घालायचा की नाही एवढाच राहिला नव्हता. तिला आपला आकडा हवा होता. तो सापडला तर तिच्या हातचं काहीतरी तिच्या कानांनंतरही मागे राहणार होतं. नाही सापडला तर तिच्यापाशी राऊतकाकूंचं पोळीला लावलेलं वाक्य तेवढं उरणार होतं.

गुरुवारी आम्ही पुन्हा केलं. अर्धा तास. एक्क्याण्णव भरलं, पण तोंडात बारीक कचकच लागत होती. शनिवारी बर्फ अधिक बारीक फोडला, मीठ वाढवलं. पंचविसाव्या मिनिटालाच पिवळे कण दिसू लागले. बर्फाचा तुकडा मोठा की लहान, मीठ ओलं की कोरडं, आंबा किती पिकलेला, दुपार किती दमट, प्रत्येक गोष्ट घड्याळाला चकवत होती. बाबांच्या वहीत आकडे साठत होते. चौकटीच्या कागदावर त्यांनी रेघही काढली होती, वर जाणारी आणि मग एकदम खाली कोसळणारी. त्या टोकावर कुठेतरी आई उभी असायची, एवढं कळत होतं.

“सगळं होऊन गेल्यावर कप सांगतो,” बाबा थकून म्हणाले. “होताना कोण सांगणार?”

मी गॅलरीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग दोघांनी नजर वळवली.

ती वही आता माझ्याकडे आहे. तिच्या शेवटच्या भरलेल्या पानावर तीन रविवारचे तीन आकडे आहेत, एकाखाली एक: शहाऐंशी, सत्त्याऐंशी, शहाऐंशी. बर्फ निराळा, मीठ निराळं, एका रविवारी तर आंब्याऐवजी सीताफळाचा डबाबंद गर. तरी आकडे एकमेकांना धरून. बाबांनी खाली रेघ मारून लिहिलं आहे: “पाचांतला एक चमचा हवेचा.” आणि त्याच्यापुढे, कंसाबिंसात नाही, मोठ्या अक्षरांत, आईचं नाव. वही त्यांनी उलटी करून तिच्यापुढे धरली तेव्हा ती चष्मा लावून बराच वेळ वाचत होती. “बरं आहे,” म्हणाली, आणि चष्म्याची काडी मिटताना ती दोनदा चुकली. राऊतकाकूंनी त्या वर्षी आणखी दोन वेळा डबा आणून ठेवला, आणि पोळीचा विषय पुन्हा निघाला नाही. गेल्या वर्षाखेरीस आई कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आली, आपण होऊन. यंत्र लावते, पण रविवारी काढून ठेवते. “त्याच्यात सगळंच खडखडतं,” असं तिचं म्हणणं. परवा शनिवारी मी गेले तेव्हा पॉट गॅलरीत होता, पाण्याने काठोकाठ भरलेला, ठिबकत. मी बसून ते ठिबकणं मंदावताना ऐकलं. दोन थेंबांमधलं अंतर वाढत गेलं, आणि एक अंतर असं आलं की ते संपलंच नाही.

पण ते तीन आकडे नंतरचे. त्यांच्या आधीचा एक रविवार आहे, आणि तो मला त्यांच्याहून जास्त आठवतो.

महिन्याचा तिसरा रविवार. सायीचा शेवटचा वाडगा. बाबांनी ठरवलं होतं की याही वेळी साधलं नाही तर पॉट राऊतकाकूंच्या भाचीला शोभेला देऊन टाकायचा. ती त्यात मनीप्लांट लावणार होती. मी दांड्यावर, बाबा पॉटची लाकडी बादली धरून. पण त्यांच्या हातांत जोर राहिला नव्हता. दर फेऱ्याला बादली फरशीवर डोलत होती, खाऱ्या पाण्याचा ओघळ गोणपाटाबाहेर पसरत होता. आई गॅलरीतून हे किती वेळ बघत होती, ठाऊक नाही. तिला आवाज येत नसला तरी डोलणं दिसत होतं.

“सरका,” ती आत येऊन बाबांना म्हणाली. “मिठाने सगळी फरशी खाऊन टाकाल माझी.”

बाबा सरकले. आई साडी खोचून पाटावर बसली, बादली दोन्ही गुडघ्यांमध्ये घेतली आणि दोन्ही तळवे लाकडी पट्ट्यांवर पसरून ठेवले. मी पुन्हा फिरवू लागले. खडर्र, खडर्र. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. आधी तिचा चेहरा नुसता त्रासलेला होता, अवेळी कामाला लावल्यासारखा. मग तो बदलला. काय बदललं ते मला नेमकं सांगता येणार नाही. गर्दीत कोणीतरी मागून ओळखीच्या हाताने खांद्याला स्पर्श करावा आणि आपण अजून वळलेलो नसावं, तसा तो दिसत होता. तिने डावा तळवा उचलला, दोन पट्ट्या खाली सरकवला, पुन्हा टेकवला.

बाबा काहीतरी म्हणाले. वेळ सांगत असावेत.

“बोलू नका,” आई म्हणाली.

आम्ही दोघंही गप्प झालो, जिला आमचं बोलणं धड ऐकू येत नव्हतं तिच्या सांगण्यावरून. करकर झाली, सरसर झाली. माझ्या दंडात कळ उठली. दांड्याला तो रवाळ नसलेला जडपणा आला. मला तो या वेळीही ओळखू आला, आणि आपण आता हात काढू शकतो हेही कळत होतं. मी काढला नाही. तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती, मिठाच्या पाण्याने सुरकुतली होती, आणि त्यांच्याखाली लाकूड मला दिसू न शकणारं काहीतरी सांगत होतं. तिने डोळे मिटले. एक फेरा. आणखी एक. आवाज खाली उतरू लागला, माझ्यासाठी कानातून आणि तिच्यासाठी कुठून कोण जाणे. आणि तिने मान वर न करता, पूर्वी पुरीवरचं लाटणं न थांबवता म्हणायची त्याच स्वरात, म्हटलं:

“थांब.”